टोपली हटवा, समुद्र वाचवा

दिवाळीची सुट्टी जवळ आली की आपल्या पालघर जिल्ह्यात दोन गोष्टी हमखास होतात. केळव्यातल्या खोल्यांचे दर चढतात आणि किनाऱ्यावरच्या विक्रेत्यांना शिस्त लावायची चर्चा सुरू होते. दरांना शिस्त लावायची चर्चा अजून कोणाच्या कानावर आलेली नाही.

चर्चा म्हटली की बैठक आली. बैठकीला महसूलवाले असतात, पोलीस असतात, पंचायतीचे पदाधिकारी असतात, एखाद-दुसरा रिसॉर्टवाला असतो, आणि कोणाला तरी भेटायला आलेला एक कार्यकर्ताही असतो. ज्याला शिस्त लावायची तो नसतो. तो बाहेर बैठकीचा चहा गाळत असतो.

तक्रार खोटी आहे का? मुळीच नाही. रविवारी केळव्याला जाऊन बघा. शेजारच्या माहीमवरून येणारा रस्ता गाड्यांनी तुंबलेला. शीतलादेवीच्या देवळापासून सुरूच्या बागेपर्यंत भेळ, शहाळी, भुट्टे, बर्फाचे गोळे, चिकू, टोप्या, फुगे. वाळूत घोडे, आणि घोड्यांना बुजवत जाणाऱ्या फटफट्या. समुद्र दिसतो, पण वाट काढावी लागते.

2013 मध्ये लोकल डहाणू रोडपर्यंत आली. तेव्हा आपण पेढे वाटले. लोकल आली की लोक येणार, लोक आले की त्यांना भूक लागणार, भूक लागली की कोणीतरी गाडी लावणार. हा हिशोब तेव्हा कोणी केला नाही. आता इतक्या वर्षांनी सगळ्यांना एकदम गर्दी दिसायला लागली.

आणि गर्दी दिसली की पहिली नजर टोपलीवर जाते.

का? कारण ती हलते. रिसॉर्टची भिंत हलवायला मोजणी लागते, नकाशा लागतो, कोर्ट लागतं. टोपली हलवायला शिट्टी पुरते.

आता तुम्ही म्हणाल, कायदा नाही का? आहे की! चांगला आहे. पथविक्रेता कायदा, 2014. आधी 1989 साली सर्वोच्च न्यायालयाने सोदान सिंग खटल्यात सांगितलं की रस्त्यावर धंदा करणं हा घटनेने दिलेला हक्क आहे, वाजवी निर्बंध घालता येतील. मग 2010 साली गेंदा रामच्या खटल्यात सरकारला बजावलं की आता कायदा करा. तो 2014 मध्ये झाला. पंचवीस वर्षांत निर्बंध सगळीकडे पोचले, हक्क मात्र वाटेत कुठेतरी उतरला.

कायद्यात काय नाही? दर पाच वर्षांनी विक्रेत्यांचं सर्वेक्षण. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्र मिळेपर्यंत कोणालाही उठवायचं नाही. उठवायचंच असेल तर तीस दिवसांची नोटीस. माल उचलला तर यादी द्यायची, आणि नाशवंत माल असेल तर मागितला त्याच दिवशी परत करायचा. नगर पथविक्रेता समिती नेमायची, तिच्यात चाळीस टक्के विक्रेत्यांनी निवडून दिलेले विक्रेते, त्यात एक तृतीयांश बायका. वाचताना असं वाटतं की हा कायदा एखाद्या भेळवाल्यानेच लिहिला असावा.

फक्त एक गोष्ट. तो केळव्याला लागू नाही.

म्हणजे कायद्यात ‘स्थानिक प्राधिकरण’ म्हणजे कोण ते लिहिलंय: महानगरपालिका, नगरपरिषद, नगरपंचायत, कटक मंडळ. ग्रामपंचायतीचं नाव नाही. पालघर शहराला नगरपरिषद आहे, डहाणूला आहे. केळवे ग्रामपंचायत. शिरगाव ग्रामपंचायत. चिंचणी ग्रामपंचायत. बोर्डी ग्रामपंचायत. थोडक्यात, जिथे समुद्र आणि पर्यटक दोन्ही आहेत तिथे बहुतेक ठिकाणी कायदा नाही. पालघर शहरात कायदा आहे. तिथे समुद्र नाही.

डहाणूच्या किनाऱ्यावर शहाळं विकणाऱ्याला तीस दिवसांची नोटीस मागता येते. तोच माणूस गाडी ढकलत बोर्डीला गेला की तीस सेकंदांत उठतो. समुद्र तोच, शहाळं तेच. मधे फक्त हद्द लागते.

आम्हा बेटेगावकरांना हे नवीन नाही. बोईसर-चिल्हार रस्त्यावरचा आमचा नाका संध्याकाळी बघा. एमआयडीसीची पाळी सुटते, टॉवरमधले लोक कामावरून परततात, आणि तासाभरात भाजी, मासळी, वडापाव, मोबाइलचे कव्हर, लहान मुलांच्या चड्ड्या असा सगळा बाजार उभा राहतो. पाड्यावरून आलेली बाई गोणपाटावर चार जुड्या मांडते. समोर सातव्या मजल्यावरून दोरीने पिशवी खाली येते. गाव म्हणावं तर लिफ्ट आहे, शहर म्हणावं तर ग्रामपंचायत आहे.

बोईसरचं तर विचारूच नका. शेजारी तारापूरला 1969 पासून अणूपासून वीज तयार होते आहे. जनगणनेने 2011 साली बोईसरला शहरात मोजलं. नगरपरिषद होणार, होणार हे ऐकत आमच्याकडची एक पिढी निवृत्त झाली. अणू फोडणं सोपं असावं.

त्यामुळे बोईसर स्टेशनबाहेरचा फेरीवाला जनगणनेत शहरी, कायद्यात ग्रामीण आणि हप्त्याच्या दिवशी पुन्हा शहरी.

ग्रामपंचायतीच्या हातात काय आहे? 1958 चा ग्रामपंचायत कायदा. त्याखाली बाजाराची फी घेता येते. म्हणून पावती मिळते. सकाळी एक माणूस पिशवी अडकवून येतो, पावती फाडतो, पैसे घेतो, पुढे जातो. ही पावती विक्रेत्याला फार जपावीशी वाटते. आपण बेकायदा नाही याचा तो एकमेव कागद. दुपारी अतिक्रमणवाले आले की तो ती पुढे करतो. ते म्हणतात, ही पैसे भरल्याची पावती आहे, बसायची परवानगी नाही.

मग पैसे कशाचे भरले? उभं राहण्याचे?

2014 हे साल तर आपल्याला चांगलंच लाभलं होतं. मार्चमध्ये पथविक्रेता कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. त्याच मार्चमध्ये महाराष्ट्राने आदिवासी भागातल्या ग्रामसभांसाठीच्या पेसा कायद्याचे नियम काढले. पेसा मूळचा 1996 चा, आणि त्यात अनुसूचित क्षेत्रातल्या गावांना स्वतःचा बाजार चालवायचा अधिकार स्वच्छ लिहून दिलाय. ऑगस्टच्या पहिल्या तारखेला पालघर जिल्हा झाला. कायदा आला, अधिकार आला, जिल्हाधिकारीही आले. तिघांची एकमेकांशी ओळख करून द्यायची तेवढी राहून गेली.

डहाणू तालुका अख्खा अनुसूचित क्षेत्रात आहे. म्हणजे बोर्डीचा बाजार कसा भरावा, कुठे भरावा, कोणी बसावं हे ठरवायला मुंबईकडे बघायची गरज नाही. पण अधिकार आहे हे गावाला सांगायचं कोणी? पूर्वी ग्रामसेवक होता, 2024 पासून त्याला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. पदनाम वाढलं, टेबलावरच्या फायलीही वाढल्या.

आता किनाऱ्याचा मालक कोण, हे शोधू.

सुरूच्या झाडाला हात लावलात तर वन खातं येतं. झाडाखालची जमीन मोजायला गेलात तर महसूल. भरतीच्या रेषेजवळ काही बांधायला गेलात तर सीआरझेड, म्हणजे किनारा नियमनवाले. पाण्यात बोट घातलीत तर सागरी मंडळ. बोटीतून माणूस पडला तर पोलीस. पोस्टर छापायचं असेल तर पर्यटन खातं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिथला कचरा उचलायचा असेल तर ग्रामपंचायतीचा एकुलता एक झाडूवाला.

या सगळ्यांपैकी भेळवाल्याला ‘इथे बस’ म्हणून कोण सांगू शकतो? कोणीच नाही. ‘इथून ऊठ’ म्हणून कोण सांगू शकतो? सगळे.

सरकारने काहीच केलं नाही असंही नाही. जून 2020 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने बीच शॅक धोरण मंजूर केलं. तारीख पुन्हा वाचा. जून 2020. माणसाला जिल्ह्यातून बाहेर पडायला पास लागत होता, तेव्हा सरकारने समुद्रकिनाऱ्यावर खुर्च्या मांडायचं धोरण केलं. दूरदृष्टी म्हणतात ती हीच.

आठ किनारे निवडले. रायगडचे वरसोली आणि दिवेआगर, रत्नागिरीचे गुहागर आणि आरे-वारे, सिंधुदुर्गचे कुणकेश्वर आणि तारकर्ली, आणि आपले केळवे आणि बोर्डी. प्रत्येकी दहा शॅक. एकूण ऐंशी. महाराष्ट्राला किनारा 720 किलोमीटरचा. नऊ किलोमीटरला एक शॅक पडला. तहान लागली तर पुढच्या शॅकपर्यंत रिक्षा करा.

धोरणातला शॅक पंधरा फूट लांब, बारा फूट रुंद. पुढे बसायला आणखी जागा. ठरावीक मुदतीचा परवाना, शुल्क, अनामत. स्थानिकांना प्राधान्य. सगळं नीट, कागदावर काही खोट नाही. केळव्याला पुढच्या वेळी जाल तेव्हा ते दहा शॅक मोजून घ्या. मोजायला फार वेळ लागला तर मला कळवा.

आणि दहाच्या दहा उभे राहिले असते तरी? ताडगोळेवालीला पंधरा बाय बारा काय करायचेत? तिला दोन फूट वाळू आणि एका सुरूची सावली पुरते. धोरणात तिचं नाव नाही, कारण धोरण लिहिणाऱ्याने ताडगोळे विकत घेतलेले असतात, ताडगोळेवाली बघितलेली नसते.

बघायचीच असेल तर एप्रिल-मे महिन्यात बघा. पहाटे ताडावरून उतरवलेले घड, डोक्यावर टोपली, हातात कोयता. फळ डाव्या हातात धरून तीन घाव. टोपण उडतं, आत तीन डोळे दिसतात. अंगठा घालून एकेक गोळा अख्खा बाहेर, आतलं पाणी न सांडता. सालीचा ढीग एका बाजूला, गोळे पानावर. तीन फळं होईपर्यंत समोरचा पर्यटक पहिला व्हिडिओ काढून दुसरा सुरू करतो.

“मावशी, डझन कसे?”

“शंभरला.”

“वसईला ऐंशीला मिळतात.”

“मग वसईलाच उतरायचं ना शेठ, गाडी थांबते तिथं.”

शेठ शंभर देतो. मग जाऊन खोलीवर साठ रुपयांचा चहा पितो आणि तिथे वसईचं नावही काढत नाही.

गोव्याचं उदाहरण बैठकीत कोणीतरी काढतोच. ‘गोव्यात बघा कसं कडक आहे!’ आहे. 2022 च्या ऑक्टोबरअखेर गोव्याच्या पर्यटन खात्याने आदेश काढला: किनाऱ्यावर उघड्यावर स्वयंपाक नको, बाटल्या फोडायच्या नाहीत, फेरीवाल्यांचा त्रास नको, पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत दंड. पुढच्या वर्षी शॅकचं नवं धोरण आलं, आणि शॅकमध्ये मासळीची आमटी आणि भात ठेवलाच पाहिजे असं सरकारला सांगावं लागलं. गोव्यात गोव्याचं जेवण मिळावं म्हणून सक्ती! फिरते विक्रेते हटवले की किनाऱ्यावर काय उरतं, ते यावरून कळावं.

मुंबईचं उदाहरण मात्र कोणी काढत नाही. काढायला तोंड लागतं. 2014 च्या सर्वेक्षणात तिथे 99,435 फेरीवाल्यांनी अर्ज भरले. छाननी होऊन पात्र किती उरले? 32,415. बाकीच्यांचं काय झालं? काही नाही, ते धंदा करतायत. समितीची निवडणूक व्हायला ऑगस्ट 2024 उजाडला. मतदान झालं, आणि निकाल कोर्टाच्या आदेशाने रोखून धरले गेले. देशातल्या सर्वात श्रीमंत महापालिकेची ही गत. केळव्याच्या ग्रामपंचायतीने मनाला लावून घेऊ नये.

आता कचऱ्याकडे येऊ. कारण विक्रेत्याविरुद्धचा मुख्य आरोप तोच असतो. ‘किनारा घाण करतात.’

करतात, काही प्रमाणात. कणसाची साल, भेळेचा कागद, शहाळ्यातली नळी. प्लॅस्टिकची नळी 1 जुलै 2022 पासून देशभर बंद आहे. तरीही मिळते. नळी बनवणारा कारखाना कुठे आहे हे यंत्रणेला सापडत नाही. नळी देणारा सापडतो, त्याची गाडी लाल रंगाची असते आणि तो पळू शकत नाही.

शहाळ्याला वेष्टन देवाने दिलंय. ताडगोळ्यालाही. चिकू सालीसकट येतो, आणि डहाणू-घोलवडच्या चिकूला तर भौगोलिक मानांकनही आहे. प्लॅस्टिकची पिशवी येते ती कुरकुऱ्यांची, बाटलीबंद पाण्याची, मुंबईहून गाडीच्या डिकीतून आणलेल्या थर्माकोलच्या थाळ्यांची. डिकीवाल्याची झडती कोण घेणार? तो पर्यटक. तो अर्थव्यवस्था आहे.

पण ही सगळी वरवरची घाण. खालची बघायची असेल तर जरा उत्तरेला या.

तारापूरच्या कारखान्यांचं सांडपाणी वर्षानुवर्षं नवापूरच्या समुद्रात जातं. प्रक्रिया करून, असं म्हणतात. अखिल भारतीय मांगेला समाज परिषद, म्हणजे आपले मच्छीमार, हरित लवादाकडे गेले. जानेवारी 2022 मध्ये लवादाने शंभराच्या वर कारखान्यांना आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्राला कोट्यवधींची भरपाई ठोठावली. खाड्या, मासळी, शेती, विहिरी यांचं काय झालं ते त्या निकालात आहे. त्यात भेळवाल्यांचं नाव कुठेही नाही.

असायला हवं होतं. शेवटी समुद्र घाण करतो कोण?

आणि अडथळ्याचंच म्हणाल, तर डहाणू तालुक्यातलं वाढवण आहे. 76,000 कोटींच्या वर खर्चाचं बंदर. 1991 साली केंद्राने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. 2024 च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी पालघरला येऊन बंदराची पायाभरणी केली. समुद्रात भराव टाकून जमीन तयार करणार. त्याला विकास म्हणतात. वाळूत टोपली ठेवली की रस्त्याला अडथळा होतो.

बंदर चांगलं की वाईट हा वाद इथे काढत नाही, संपादक जागा देणार नाहीत. पण नाजूक किनारा इतकं मोठं बंदर सोसणार असेल, तर दोनशे शहाळी सोसायला हरकत नसावी.

तुम्हाला वाटेल, मी विक्रेत्यांची वकिली करतोय. तर ऐका. विक्रेते काही संत नाहीत. एकेका घराच्या चार-चार गाड्या असतात, एक स्वतःची आणि तीन भाड्याने दिलेल्या. सुरूच्या वाळलेल्या काड्यांशेजारी शेगडी पेटवणारे महाभाग आहेत. वाळूतल्या फटफट्या पोरासोरांच्या हातात देणारे आहेत, आणि त्यातून कोणाचा पाय मोडला की ‘आमची गाडी नव्हती’ म्हणणारेही आहेत. नव्या बाईने पाटी ठेवली की जुने मिळून तिला हुसकतात. तेव्हा सगळ्यांना ‘भूमिपुत्र’ आठवतो.

या भूमिपुत्राची पण गंमत आहे. शेजारच्या तालुक्यातून आलेली ताडगोळेवाली बाहेरची. रिसॉर्टचा मालक अंधेरीचा, पण तो बाहेरचा नाही. त्याने भिंत बांधलीय.

म्हणून नियम हवेत. कोण नाही म्हणतंय? नियम नसण्याचा त्रास सर्वात आधी साध्या विक्रेत्याला होतो, दांडग्याला नाही. दांडग्याला नियम नसलेलेच बरे पडतात, कारण त्याचा फोन लागतो. पावती घेऊनही बाकीच्यांचा लागत नाही.

पण आपल्याकडे नियमन सुरू होतं ते फलकापासून. ‘येथे विक्री करण्यास मनाई आहे. आदेशावरून.’ कोणाच्या आदेशावरून, ते लिहिलेलं नसतं. नंतर सुशोभीकरण येतं. पेव्हर ब्लॉक, रंगीत दिवे, ‘आय लव्ह’ लिहून पुढे गावाचं नाव असा सेल्फी पॉइंट. निधी खर्च होतो, फोटो छापून येतो. मग एखादं पोर विचारतं, बाबा, पाणी कुठे मिळेल?

नळ नाही. शौचालयाला कुलूप आहे. चावी कोणाकडे? ज्याच्याकडे असते तो नेमका जेवायला गेलेला.

शेवटी त्या पोराला पाणी देतो तो शहाळेवाला. शौचालयाची चावी कुठे मिळेल हेही तोच सांगतो. गाडी वाळूत रुतली तर ढकलायला तोच येतो. भरती केव्हा आहे, कुठे खड्डा आहे, कुठे पाण्यात उतरू नये, हे त्यालाच ठाऊक. 2022 च्या मार्चमध्ये केळव्याच्या समुद्रात चौघे बुडाले. अशा वेळी पहिली हाक किनाऱ्यावर जो असतो त्यालाच जाते. किनाऱ्यावर कायम कोण असतो? बैठकीतले साहेब नसतात.

पावसाळ्यात धबधब्यांवर आणि किनाऱ्यांवर जायचं नाही, असा मनाई आदेश दरवर्षी निघतो. आधी तो कलम 144 खाली निघायचा, जुलै 2024 पासून कलम 163 खाली निघतो. समुद्राला हा बदल अजून कळवलेला नाही. पोलीस येतात, पर्यटकांना परत पाठवतात, विक्रेत्यांना हुसकतात. पर्यटक पुढच्या वळणावरून पुन्हा पाण्यात. विक्रेता नसतो, म्हणून ‘तिकडे जाऊ नका’ सांगायलाही कोणी नसतं.

कर्जाची गोष्ट राहिली. ती गोडच आहे.

2020 मध्ये केंद्राने स्वनिधी योजना काढली. पथविक्रेत्याला दहा हजारांचं कर्ज, फेडलं तर पुढे वीस, मग पन्नास. चांगली योजना. पण ती शहरांची. केळव्याच्या भेळवाल्याला विचारायचे, तुमची नगरपालिका कोणती? तो म्हणायचा, ग्रामपंचायत. मग नाही. ऑगस्ट 2025 मध्ये योजना 2030 पर्यंत वाढवली, पहिलं कर्ज पंधरा हजारांचं केलं, आणि जनगणनेत शहर ठरलेल्या गावांपर्यंतही ती टप्प्याटप्प्याने नेणार म्हणून सांगितलं. म्हणजे बोईसरचा फेरीवाला कर्जासाठी आता शहरी होऊ शकतो. संरक्षणाच्या कायद्यासाठी तो ग्रामीणच.

कर्ज काढून गाडी घ्यायची. गाडी अतिक्रमण म्हणून उचलली जाणार. हप्ते मात्र चालू राहणार. बँकेचे आणि दुसरेही.

करायचं काय, असं विचारत असाल, तर त्यात रॉकेट उडवायचं नाहीये. पथविक्रेता कायदा लागू नसला म्हणून त्यातली अक्कल उसनी घ्यायला बंदी नाही. गावाने विक्रेत्यांची यादी करावी, एका घराला एक जागा. वाळूवर खडूने रेघ मारता येत नाही, पण सुरूच्या झाडांना नंबर टाकता येतो, एवढं वन खात्याने मनावर घ्यावं. शेगडी कुठे पेटवायची, कुठे नाही, ते ठरवावं. फटफट्या वाळूवरून काढाव्यात, आजच. पावतीवर पैशांबरोबर जागेचा नंबरही लिहावा. शाईचा खर्च वाढेल, पण सोसवेल.

आणि पार्किंगचे पैसे जिथे जातात, तिथून थोडे कचऱ्याच्या डब्याकडेही यावेत. कुठे जातात, असं विचारू नका. हे सदर मला पुढच्या आठवड्यातही लिहायचंय.

हे ठरवायला मंत्रालय लागत नाही. ग्रामसभा पुरते. गावचा बाजार गावाने बघावा, यात कोणाचा आक्षेप असण्याचं कारण नाही. विक्रेत्यांनी ग्रामसभेत यावं, उभं राहावं, आपलं म्हणणं मांडावं, ठराव करून घ्यावा. लोकशाही म्हणतात ती हीच.

फक्त ग्रामसभेच्या तारखा बघून घ्या. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर. चारही दिवस सुट्टीचे. मुंबईची पहिली लोकल केळवे रोडला रिकामी होते, आणि ज्यांच्याविषयी ठराव करायचा ते सगळे त्या वेळी किनाऱ्यावर गिऱ्हाईक सांभाळत असतात. इकडे सभेत कोरम भरत नाही. सभा तहकूब होते. तहकूब सभेला कोरम लागत नाही, त्यामुळे पुढच्या वेळी पाच जण जमतात आणि विषय क्रमांक सात मंजूर करतात: किनाऱ्यावरील अतिक्रमणं हटवणं.

सूचक आणि अनुमोदक दोघांचीही खाली सही असते. एकाची भिंत आहे, दुसऱ्याच्या चार गाड्या.